आजोळची राई
(चऱ्होली येथील एका शाळेत वनमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



 चऱ्होली हे माझे आजोळ. १९९० च्या सुमारास, मी आपल्याएवढा असताना, हे ग्रामपंचायतीचे गाव होते. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत ते १९९७ साली समाविष्ट झाले. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही मामेभावंडे सकाळीच इंद्रायणीच्या काठी जात असू आणि जेवणाची हाक आल्याखेरीज परतत नसू. तेथे आमची राई होती. ‘राई’ हा शब्द आमचा. दप्तरी तिला असे काही नाव नव्हते. नदीलगतच्या मळईचा एक पट्टा, त्यावर बाभळी, करंज, दोन-तीन जांभळी, पाण्याशी वाळुंज आणि काठावर आडवा पसरलेला एक उंबर, एवढाच तिचा पसारा. पाण्यावर झुकलेल्या बाभळींना सुगरणींचे खोपे लोंबत असत. सुगरण नेमके तेच झाड का निवडते, असे मी मामांना विचारले होते. ते म्हणाले, “अरे, तिथं सापाला जाता येत नाही आणि तुम्हा पोरांनाही.”

आज येथे येताना मी काही मुलांना विचारले की, सूरपारंब्या कोण खेळते? कोणाला शब्द ठाऊक नव्हता. तेव्हा थोडे सांगतो. एकाने पायाखालून काठी दूर फेकावयाची. ज्याच्यावर राज्य असेल त्याने ती आणून रिंगणात ठेवीपर्यंत बाकीच्यांनी झाडावर चढून बसावयाचे. मग राज्य असलेल्याने वर चढून कोणास तरी शिवावयाचे. आणि वरच्यांनी त्याला चुकवून, उडी टाकून, काठी गाठावयाची. या खेळाला पैसा लागत नाही, परंतु झाड लागते, आणि तेही बुटक्या खोडाचे, खालूनच फांद्या फुटलेले, मुलाचा भार पेलणारे. लोखंडी पिंजऱ्यातल्या सरळसोट रोपावर सूरपारंब्या खेळता येत नाहीत. गुलमोहर सुंदर आहे यात शंका नाही, पण तो मादागास्करहून आलेला पाहुणा. त्याची फांदी ठिसूळ. (आमच्यापैकी एकाचा हात त्यापायीच मोडला होता.)

गेल्या ज्येष्ठात मी ती राई पाहावयास गेलो. वाट सापडेना. ज्या वळणावर करंज होते तेथे एका गृहसंकुलाची भिंत आहे, आणि भिंतीपलीकडे मुले आनंदाने खेळत होती, हेही सांगितले पाहिजे. मी काहीशा आवेशाने मामांकडे गेलो आणि राई कोणी तोडली असे विचारले. मामा शांतपणे म्हणाले, “कुणी म्हणजे? आपणच. तुझ्या मावशीच्या लग्नाच्या वर्षी बाभळी वीटभट्टीवाल्याला दिल्या. ओंडक्यांवर बसून तुम्ही गाडी-गाडी खेळला होतात. विसरलास?” मी खरोखरच विसरलो होतो. पुढे जमीनही गेली आणि त्या पैशांत दोन मामेभावांची शिक्षणे झाली. मी स्वतः एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. तेथेही पूर्वी कोणाची तरी राई असेलच.

मी माहिती खात्यातला माणूस. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली, हे वाक्य मी किती प्रसिद्धीपत्रकांत लिहिले असेल याची गणती नाही. २०१६ साली राज्याने २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपे लावण्याचा संकल्प केला. या आकड्यांची पत्रकेही मी उत्साहाने काढली. पण गेलेल्या झाडांचा आकडा मी कधी कोणाकडे मागितला नाही, आणि आमच्या बाभळी तर कोणत्याच आकड्यात नव्हत्या.

ज्या झाडांभोवती लोकांनी नियम घातला ती टिकली. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया हिंडून त्यांचा अभ्यास मांडला. देवाच्या नावावर असलेल्या त्या रानाला गावकरी कुऱ्हाड लावीत नसत. नदीच्या वरच्या अंगाला, आळंदीस, ज्ञानेश्वर महाराजांच्या समाधीपाशी अजानवृक्ष आहे. त्याला हात लावण्याचे धैर्य कोणास होईल? आमच्या बाभळींना ना देव होता, ना संत. अशा साध्या झाडांसाठी कायदा हवा, आणि तो आहे. १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण अधिनियमानुसार शहरातील झाडांची दर पाच वर्षांनी गणना व्हावयाची असते, मग झाड खासगी जागेत का असेना. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडास वारसावृक्ष म्हटले आहे. तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी झाडे लावण्याचे बंधनही त्याच सुधारणेने आले.

आता मुख्य गोष्ट. तो उंबर अद्याप उभा आहे. खोडाला भराव टेकला आहे, एक फांदी वाळली आहे, पाण्याला पूर्वीची निवळी नाही. परंतु उंबरे लागतात आणि पाखरे येतात. मामा सांगतात की १९७२ च्या दुष्काळात गुरांसाठी त्याचा पाला तोडला होता आणि तेव्हाही तो दोघांच्या कवेत मावत नव्हता. म्हणजे त्याने पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे. मात्र मामांच्या आठवणीपलीकडे त्याची नोंद मला अजून आढळलेली नाही.

मुख्याध्यापकांची अनुमती मी घेतली आहे. येत्या शनिवारी सकाळी आठ वाजता इयत्ता आठवीच्या मुलामुलींनी मोजपट्टी, सुतळी आणि वही घेऊन शाळेच्या फाटकापाशी जमावे. जमिनीपासून छातीच्या उंचीवर खोडाचा घेर कसा मोजतात हे आपले विज्ञानशिक्षक दाखवतील. मामा तेथे येणार आहेत. दुष्काळाची हकीकत त्यांच्या तोंडून लिहून घ्यावी आणि खाली त्यांची सही घ्यावी. वृक्ष प्राधिकरणाकडे द्यावयाच्या अर्जाचा मसुदा मी आणीन. चप्पल नको, बूट घालून या. काठावर अजून बाभळीचे काटे आहेत.