एका रानाचे दोन हिशेब

आज आमच्याच गटाची चूक सांगतो.

गेल्या वर्षी एका ताईंनी खतासाठी गटातून कर्ज घेतलं. एक एकर गहू. वरचा अर्धा भाग मुरमाड, खालचा काळा. खालचा गहू ओंबीत आल्यावर लोळला, वरचा पिवळाच राहिला. कर्जाचे हप्ते थकले. बैठकीत त्या मान खाली घालून बसायच्या, ते आम्हाला बघवत नव्हतं.

माती तर आम्ही तपासली होती! पण सगळ्या रानाची एकत्र कालवून. अहवाल आला ‘नत्र मध्यम’. खारट आमटी आणि अळणी आमटी एकत्र केली, तर चव मध्यमच लागणार.

यंदा खरीप निघाल्यावर, खत टाकण्याआधी, दोन भागांचे दोन नमुने घेतले. प्रत्येक भागात नागमोडी चालत आठ-दहा खड्डे, वीतभर खोल. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याची जागा सोडली. माती कालवून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. खताच्या रिकाम्या पोत्यात मात्र भरू नका, नाहीतर अहवालात ते खतच दिसेल.

अहवाल आले. वर नत्र कमी, खाली जास्त. रीत अशी, की कमी असेल तर शिफारशीपेक्षा पाव हिस्सा वाढवायचा, जास्त असेल तर पाव हिस्सा घटवायचा. बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्र. निम्मं पेरताना, निम्मं तीन आठवड्यांनी. त्या दुसऱ्या हप्त्याला वीस गुंठ्याला युरिया 26 किलो येतो. म्हणून वर साडेबत्तीस आणि खाली साडेएकोणीस किलो घेतला. हलक्या रानात पाण्याबरोबर नत्र खाली निघून जातं, म्हणून वरचा युरिया दोनदा विभागून दिला. मध्ये चुन्याची रेघ मारली, ताणकाट्याने मोजून घेतलं. ताईंचे यजमान हसले, “एका रानाला दोन हिशेब?”

बेरीज करा, युरिया तेवढाच, 52 किलो. पैसा वाचला नाही, हे खरं सांगायला हवं. पण खालचा गहू आज उभा आहे आणि वरचा हिरवा. मळणी व्हायची आहे. दोन्ही भागांची पोती वेगळी मोजायची, असं ताईंनीच ठरवलंय. परवा बैठकीला यजमानही आले होते, दाराशी उभे राहून ऐकत होते.