मोठे विकतात तेव्हा लहानांनी काय करावे?

(महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या घरांतील मुले आता फोनवरून शेअर घेतात. मोठ्या संस्थांनी विक्री करून भाव पाडला की "स्वस्त झाला, घेऊन टाकू" असे त्यांस वाटते. मुलीच्या शिक्षणासाठी साठविलेला पैसाही अशा घाईत जातो. म्हणून हा विषय.

बिदरच्या गांधी गंजात वा कलबुर्गीच्या नेहरू गंजात बसणाऱ्यांस यात नवे काही नाही. नवी तूर आली की आवक वाढते व भाव उतरतो. जाणता व्यापारी पहिल्याच पडझडीत धावत नाही. आवक तेवढीच असून भाव उतरेनासा झाला, म्हणजे माल उचलणारा उभा राहिला, हे तो ओळखतो. मात्र त्याआधी मूठभर दाणे हातात घेऊन पाहतो. किडकी तूर कोणत्याही भावात महागच.

१७ जानेवारी २०२४ रोजी एचडीएफसी बँकेचा शेअर एका दिवसात आठ टक्क्यांहून अधिक पडला. परदेशी संस्थांनी त्या दिवशी एकूण बाजारात सुमारे १०,५०० कोटी रुपयांची निव्वळ विक्री केली. विलीनीकरणानंतर कर्जांच्या मानाने ठेवी कमी पडतात, ही चिंता होती. बँक बुडण्याची नव्हे. तरीही भाव तेथे थांबला नाही. फेब्रुवारीत तो १,४०० रुपयांच्या खाली गेला आणि जुलैत १,७०० च्या वर आला. माल चांगला होता, पण पहिल्या दिवशी धावणाऱ्यास धीर धरावा लागला.

येस बँकेची गोष्ट निराळी. २०१८ च्या ऑगस्टात तिचा शेअर ४०० रुपयांच्या आसपास होता. पुढे प्रत्येक घसरणीत "आता तळ आला" म्हणून लोक घेत राहिले. परंतु थकीत कर्जांची कीड आतच होती. ५ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. पुढे शंभराहून अधिक शेअर असणाऱ्यांचे पाऊणशे टक्के शेअर तीन वर्षे विकता येईनात.

तेव्हा आधी विचारावे: विकणाऱ्यास स्वतःच्या पैशाची नड आहे, की धंद्यातच खोट आहे? कंपन्यांचे हिशेब व भागधारणेचे तक्ते दर तिमाहीस प्रसिद्ध होतात, ते वाचावेत. मग विक्री चालू असूनही भाव टिकतो काय, हे काही आठवडे पाहावे. खरेदी हप्त्याहप्त्याने करावी. अगदी तळाचा भाव कोणासही साधत नाही. तो हुकला तरी हरकत नाही. कर्ज काढून तर घेऊच नये.

धर्मादाय न्यासाचा निधी सर्वसाधारणपणे शेअरांत घालण्यास आयकर कायदा मुभा देत नाही, कारण तो पैसा दुसऱ्याच्या गरजेचा असतो. घरातील शिक्षणाचा, औषधपाण्याचा पैसाही तसाच समजावा. त्यापलीकडे जे उरेल, तेवढ्यावरच धाडस करावे.