वांग्याला बाजू किती?

(वादविवाद स्पर्धेच्या तयारी शिबिरातील भाषणाचा मजकूर)



वादविवाद म्हटला की आपल्याकडे विषय ठरलेला. विज्ञान, शाप की वरदान? एकजण अणुबॉम्ब काढतो, दुसरा देवीची लस काढतो. टाळ्या पडतात, ढाल मिळते आणि सगळे घरी जातात. ऐकणाऱ्याला नवीन काय कळलं? काहीच नाही. विषय एवढा मोठा असतो की त्यात कुणाचं चुकतच नाही. म्हणून मी म्हणतो, जिथं चुकता येतं असा विषय घ्या. बीटी वांगं घ्या.

आधी हकिकत बघू. वांग्याचा मोठा शत्रू म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. ती एकदा फळात शिरली की फवारा तिथं पोचत नाही, म्हणून शेतकरी ती शिरायच्या आधीच पुन्हा पुन्हा फवारतो. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक वांग्यात घातलं, की ही अळी ज्यानं मरते ते प्रथिन झाडातच तयार होतं. जालन्याच्या महिको कंपनीचं हे तंत्र धारवाडच्या कृषी विद्यापीठानं स्थानिक वाणांत आणलं. त्यांतला एक वाण आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या कुडचीचा होता.

ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्रीय समितीनं मंजुरी दिली. आरडाओरडा झाला. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी नागपूर, हैदराबाद, बंगळूर धरून सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. शास्त्रज्ञ, शेतकरी, ग्राहक एकाच सभागृहात बोलले, भांडलेसुद्धा. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशानं मात्र २०१३ मध्ये परवानगी दिली आणि पुढच्या वर्षी लागवडही सुरू केली.

आता दोन संघ समोरासमोर उभे करा. पहिला म्हणतो, "हे वांगं सुरक्षित आहे." दुसरा म्हणतो, "कंपन्या शेतकऱ्याला लुटतात." दोघांचा आवाज चढतो, पण हा वादच नाही. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत.

फवारणी कमी होते का, हे रानात मोजायचं. खाणाऱ्याला अपाय होतो का, हे प्रयोगशाळेत तपासायचं. बियाणं कुणाच्या ताब्यात राहणार, हे कायदा आणि बाजार बघून बोलायचं. आणि शेवटी ठरवायचं कुणी, शास्त्रज्ञांनी, मंत्र्यांनी की पिकवणाऱ्या-खाणाऱ्यांनी? याचं उत्तर कुठल्याच सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. कंपनी लोभी आहे म्हणून वांगं विषारी ठरत नाही. तसंच वांगं निर्धोक निघालं म्हणून शेतकऱ्यानं ते घेतलंच पाहिजे, असंही नाही.

जरा खोलात गेलात की दोन्ही बाजू अडचणीत येतात. विरोधक म्हणतात, बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागेल. पण धारवाडचे वाण संकरित नव्हते, सरळ वाण होते. त्यांचं बी घरी धरता येतं. मग समर्थक खूश? थांबा. ते स्थानिक वाण परवानगीशिवाय वापरले, म्हणून २०११ मध्ये राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणानं कायदेशीर कारवाई करायचं ठरवलं. कापसात तर गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली. आणि स्थगितीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनाही विचारा, स्थगिती आली म्हणून वांग्यावरची विषाची फवारणी थांबली का?

म्हणून सरावाचे तीन नियम सांगतो. बाजू चिठ्ठी टाकून घ्या आणि मध्यंतरानंतर अदलाबदल करा. प्रत्येकानं समोरच्याचा सगळ्यात बळकट मुद्दा त्याच्यापेक्षा नीट मांडून दाखवावा, मगच खोडावा. आणि शेवटी एका वाक्यात सांगावं, "अमुक पुरावा मिळाला तर मी मत बदलेन." हे सांगता येत नसेल तर आपण वाद घालत नाही, नुसत्या घोषणा देतोय.

आणखी एक. बोला मराठीत. जनुक म्हणजे काय, हे रानात राबणाऱ्या आईला समजेल असं सांगता आलं पाहिजे. उद्या पुन्हा अशी सुनावणी लागली तर तिथं कुडचीच्या वांग्याबद्दल आपल्यातल्या कुणाला तरी उभं राहावं लागेल. शास्त्रज्ञाला नेमका प्रश्न विचारावा लागेल आणि मिळालेलं उत्तर गावात येऊन आपल्या भाषेत सांगावं लागेल. ते काम ढाल बघून कुणी देत नाही.

पुढच्या फेरीला परीक्षक म्हणून दोन प्राध्यापक बोलवा आणि तिसरे, वांगी पिकवणारे एखादे काका किंवा मावशी. त्यांना निकालाआधी तुम्हाला एक प्रश्न विचारू द्या. तयारी त्या प्रश्नाची करा.