परिचयलेखांचे ग्रंथ आणि आपण
(मराठी अध्यापकांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



ह्या अधिवेशनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत त्याबद्दल शिरस्त्याप्रमाणे आभार मानून, आणि ह्या जागी बसावयास माझ्याहून लायक माणसे समोरच्या पहिल्या दोन रांगांत बसलेली आहेत हे विनयापोटी नव्हे तर वस्तुस्थिती म्हणून नमूद करून, मी विषयाकडेच वळतो. थोर लेखकांची आणि वाङ्मयाच्या कालखंडांची विद्यार्थ्यांना ओळख करून देणारे जे लेखसंग्रह विद्वानांकडून सिद्ध होतात, किंवा व्हावयास हवेत, त्यांच्याविषयी मला बोलावयाचे आहे. प्रबंधाला आपण मान देतो, स्वतंत्र समीक्षेला पारितोषिके देतो. परंतु पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलाने मोरोपंत कसा वाचावा हे सांगणारा वीस पानांचा लेख हवा असला, की ते काम नुकत्याच रुजू झालेल्या सहकाऱ्याच्या गळ्यात घालून आपण मोकळे होतो, आणि त्यानेही ते मुदतीच्या आदल्या रात्री चार इतिहासग्रंथ पुढ्यात घेऊन उरकले, तर त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

हा तुच्छभाव आपल्या परंपरेत नव्हता. परशुरामपंत तात्या गोडबोल्यांनी १८५४ साली ‘नवनीत’ काढले ते विद्यार्थ्यांसाठीच. आणि जुन्या मराठी कवितेचे वेचे निवडण्यात त्यांनी जी रसज्ञता दाखविली तिच्यावर पुढच्या दोन-तीन पिढ्यांची काव्यरुची पोसली गेली. १८६० साली जनार्दन रामचंद्रजींचे ‘कविचरित्र’ आले. पण परिचयलेख ह्या प्रकाराचा खरा पाया घातला तो विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी, आणि तोही कुठे, तर विद्याखात्याच्या ‘शाळापत्रका’त! कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी ह्या पाच ग्रंथकारांवर त्यांनी जे निबंध लिहिले, आणि जे पुढे ‘संस्कृत कविपंचक’ ह्या नावाने ग्रंथरूप झाले, त्यांचा पहिला वाचक खेड्यापाड्यांतला पंतोजी आणि त्याचे विद्यार्थी हा होता. लिहिणाऱ्याने पंचविशी गाठली नव्हती. आणि तरीही, वाचक शाळकरी आहे म्हणून विद्वत्तेला कात्री लावावी असे त्याच्या मनात आलेले दिसत नाही. काळ कोणता, त्याला आधार काय, त्या आधारावर आक्षेप कोणते, कवीचा विशेष कोणत्या स्थळी प्रत्ययास येतो, हे सारे तो वाचकापुढे मांडतो आणि मग आपला अभिप्राय असा ठणकावून देतो की वाचकाला एक तर मान डोलवावी लागते नाही तर भांडावयास उठावे लागते. विष्णुशास्त्र्यांची लेखणी सरकारला मानवणारी नव्हती, आणि १८७५ साली ‘शाळापत्रक’ बंद झाले. तत्पूर्वीच, १८७४ साली, त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली होती. मालेतील मोरोपंतांवरचे लेखनही ह्याच जातीचे आहे. त्यातील कित्येक मते आज मला मुळीच मान्य नाहीत. विष्णुशास्त्र्यांचा आवेश अनेकदा पंतांच्या कवितेपेक्षा पंतांच्या टीकाकारांवरच अधिक खर्च होतो. पण ते वाचल्यावर पंतांच्या आर्या उघडून पाहिल्यावाचून चैन पडत नाही.

आता आजच्या आपल्या मालाकडे पाहू. बाजारातल्या ‘अपेक्षित’ प्रश्नसंचांविषयी मी बोलत नाही; त्यांचा धंदा उघड आहे आणि ते तो प्रामाणिकपणे करतात. माझी तक्रार आपण विद्यापीठीय नावांनिशी काढलेल्या संग्रहांविषयी आहे. त्यांतील लेख म्हणजे निकालपत्रे असतात: पुरावा दप्तरात, जाबजबाब दप्तरात, विद्यार्थ्याच्या हाती फक्त हुकूमनामा. ‘केशवसुत हे आधुनिक मराठी कवितेचे जनक होत’ हे वाक्य उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात किती वेळा भेटते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. वाक्य खोटे नाही. परंतु ते लिहिणाऱ्या मुलाने ‘जनक’ म्हणजे काय हे ताडून पाहण्याजोगी एकही वस्तू कधी पाहिलेली नसते. १९०५ साली हुबळीस केशवसुत वारले तेव्हा त्यांच्या नावावर एकही काव्यसंग्रह नव्हता, हरिभाऊ आपट्यांच्या संपादनाखाली तो निघाला १९१७ साली. म्हणजे हयातीत ज्यांनी केशवसुत वाचला त्यांनी तो मासिकांच्या पानांतून, इतर पद्यांच्या गर्दीत वाचला, ही साधी गोष्ट आपले परिचयलेख सांगत नाहीत.

एका वर्षी मी वर्गात जळगावच्या ‘काव्यरत्नावली’चा एक जुना बांधीव खंड नेला होता. कडा इतक्या ठिसूळ झालेल्या की पान उलटताना तळहात खाली धरावा लागे. मी व्याख्यान दिले नाही. केशवसुतांची कविता आणि तिच्या शेजारच्या पानांवरच्या जुन्या वळणाच्या कविता मुलांकडून आलटून पालटून मोठ्याने वाचून घेतल्या. पहिल्या दहा मिनिटांत कोणाला काही फरक जाणवला नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, बाकीचे कवी आपल्याला काहीतरी सांगतायत, आणि हा स्वतःशीच बोलतोय.’’ हे विधान अपुरे आहे. केशवसुतांच्याच ‘तुतारी’ला ते लागू पडत नाही, आणि तिच्याच शेजारणीने ते लगेच दाखवूनही दिले. परंतु त्या दोघींमध्ये जो वाद झाला तो घडवून आणणे हेच परिचयलेखाचे काम आहे. त्यानंतर १८९२ सालचे ‘मयूरासन आणि ताजमहाल’ हे मराठीतले पहिले सुनीत म्हणून त्यांच्यापुढे ठेवले, तेव्हा चौदा ओळींचे बंधन ह्या कवीला कशासाठी हवेसे वाटले असेल, हा प्रश्न मला विचारावा लागला नाही.

लेखकांची ही कथा, तर कालखंडांची त्याहून बिकट. संतकाळ, पंडितकाळ, शाहिरीकाळ ही चौकट अध्यापनाला सोयीची आहे, ती मोडा असे मी म्हणणार नाही. परंतु ती सोय आहे हे विद्यार्थ्याला कळले पाहिजे. गोव्यात रायतूर येथे १६१६ साली फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापून निघाले. एकनाथांच्या निर्याणास तेव्हा पुरती वीस वर्षे झाली नव्हती आणि तुकोबांच्या अभंगवाणीला अद्याप आरंभ व्हावयाचा होता. ओवीत रचलेल्या ह्या प्रचंड मराठी पुराणाला आपण कोणत्या खणात ठेवतो? बहुधा ‘इतर’ ह्या खणात, शेवटच्या दीड पानात. वास्तविक ह्या एका ग्रंथावरचा उत्तम लेख विद्यार्थ्याला त्या साऱ्या कालखंडाविषयी जितका विचार करावयास लावील तितका सर्वसमावेशक आढावा कधीच लावणार नाही.

आणि खण तरी स्थिर कोठे आहेत? महानुभावांची पोथीसंपदा सकळ लिपीच्या कुलुपात होती तोवर मराठीचा आरंभ मुकुंदराज-ज्ञानदेवांच्या ओवीपासून मांडला जाई; राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, कोलते प्रभृतींनी ग्रंथ उजेडात आणले, आणि म्हाइंभटाचे ‘लीळाचरित्र’ हे गद्य आरंभीच्या पानावर येऊन बसले. ताराबाई शिंद्यांची १८८२ सालची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १९७५ साली मालश्यांनी पुन्हा प्रकाशात आणली. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविलेले आणि कमिटीने नाकारलेले ‘तृतीय रत्न’ छापून निघाले ते १९७९ साली. तोपर्यंत मराठी नाटकाचे जे जे प्रास्ताविक लिहिले गेले ते ह्या नाटकावाचून लिहिले गेले. महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या ‘मराठी वाङ्मयाचा इतिहास’ ह्या बहुलेखकी योजनेचा चौथा खंड १९६५ साली निघाला आणि पहिला १९८४ साली, ह्याबद्दल पुष्कळ थट्टा झाली आहे. मला त्यात थट्टेचे काही दिसत नाही. आरंभकाळाचा इतिहास इतक्या उशिरा लिहिला गेला, कारण त्याची साधने जुळविणे व पारखणे हेच सर्वांत जिकिरीचे काम होते. आणि हे कारणच विद्यार्थ्याला सांगण्याजोगे आहे.

बहुलेखकी संग्रहाविषयी एक शब्द. अनेक हातांनी लिहिलेल्या ग्रंथात एकवाक्यता नसते म्हणून संपादक ती आणू पाहतो, भाषा सारखी करतो, मतभेद खरवडून काढतो, आणि शेवटी सगळे लेख एकाच कारकुनाच्या हातचे वाटू लागतात. माझ्या मते संपादकाने नेमके उलट करावे. वामन मल्हार जोश्यांच्या कादंबरीत विचार कलेला मारतो असे एका लेखकाचे मत असेल आणि तो विचारच तिची कला आहे असे दुसऱ्याचे, तर ते दोन्ही लेख शेजारी शेजारी छापावेत, आणि ‘रागिणी’तील एकच प्रकरण दोघांनाही आधारासाठी घ्यावयास लावावे. अठरा-एकोणीस वर्षांच्या वाचकाला ह्याने गोंधळ होईल अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी त्या वयाची मुले क्रिकेटवर कशी वाद घालतात ते एकदा कट्ट्यावर बसून ऐकावे.

आपल्या कार्यकारिणीने असा एक संग्रह काढण्याची तजवीज चालविली आहे, म्हणूनच मी हा विषय निवडला. माझी विनंती अशी की प्रत्येक लेखकाला मूळ ग्रंथातला एक सलग उतारा, निदान एका पानाचा, निवडून तो लेखात छापण्याचे आणि त्याच उताऱ्यावर आपले प्रतिपादन उभे करण्याचे बंधन घालावे. कोणत्या आवृत्तीचा पाठ घेतला हे सांगणे सक्तीचे असावे, कारण तुकोबांच्या गाथेपासून केशवसुतांपर्यंत पाठाचा प्रश्न आपल्याला कोठेच चुकत नाही. हस्तलिखित छापखान्यात जाण्यापूर्वी एखाद्या तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयातील वर्गात ते वाचून दाखवावे, आणि मुलांनी विचारलेले प्रश्न लेखकाकडे लेखी पाठवावेत. ज्येष्ठांनी हे काम अंगावर घ्यावे. मानधन अल्प आहे ही सबब मी ऐकून घेणार नाही, कारण प्रबंधाच्या परीक्षणाचे मानधनही काही फार नसते. मी स्वतः मोरोपंतांवरचा लेख लिहावयाचे मान्य केले आहे. ठरावाचा मसुदा कार्यवाहांकडे दिलेला आहे. उद्या सकाळच्या बैठकीत तो चर्चेस यावा, आणि ज्यांना दुरुस्त्या सुचवावयाच्या असतील त्यांनी त्या आज रात्रीच्या भोजनापूर्वी लेखी द्याव्यात.