ध्वनिवर्धकाची कुजबुज

दिवसा ज्या यंत्राविषयीं घरांत कोणाची तक्रार नसते, तेंच यंत्र रात्रीं आपले दोष बोलून दाखवूं लागतें. पनवेलच्या गृहस्थास हा अनुभव अपरिचित नाहीं. मुंबईहून पुण्याकडे व कोंकणाकडे धांवणाऱ्या वाहनांचा घोष दिवसभर गांवावर पसरलेला असतो. वडाळे तळ्याकाठचीं जुनीं घरें काय किंवा नवीन पनवेलच्या इमारती काय, त्या घोषाखालीं बारीकसारीक ध्वनि दडून जातात. रात्रीं तो ओसरतो. शेजारीं लहान मूल निजलेलें असतें. घरांतील वडील माणसास मात्र एखादी जुनी मैफल ऐकावयाची असते. म्हणून आवाजाचें बटण अगदीं खालीं आणलें जातें, आणि गाण्याच्या मागून एक बारीक ‘सूं सूं’ व एक जड ‘घूं घूं’ पुढें येते. हा स्वस्तांतला ध्वनिवर्धक, म्हणजे बोलण्यांतला अँप्लिफायर, टाकून दुप्पट किंमतीचा आणावा काय, असा प्रश्न मग उभा राहतो. त्याचें उत्तर पुष्कळदां खर्चांत नसून त्या बटणाच्या आसपासच असतें.

बटण वाढविलें म्हणजे यंत्राची शक्ति वाढते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः बहुतेक साध्या यंत्रांत वर्धन नेहमीं तेवढेंच असतें. बटण फक्त आंत येणारा संदेश कमी-अधिक सोडतें. टाकींतलें पाणी तेंच राहून तोटी कमी-अधिक उघडावी, तसाच हा प्रकार. यावरून परीक्षेची एक सोपी रीत निघते. गाणें थांबवावें, जोडलेलीं यंत्रें चालूं ठेवावीं आणि बटण शून्यापासून हळूहळू वर न्यावें. कुरकुर बटणाबरोबर वाढली, तर तिचा उगम बटणाच्या अलीकडे, म्हणजे गाणें पुरविणाऱ्या यंत्रांत किंवा जोडतारेंत आहे. बटण शून्यावर असतांहि ती तेवढीच राहिली, तर तिचा जन्म बटणाच्या पलीकडे, ध्वनिवर्धकांतच झालेला आहे.

‘सूं सूं’ पूर्णपणें टाळतां येत नाहीं. प्रत्येक विद्युत्-रोधांतील कण उष्णतेमुळें अखंड हालत असतात आणि त्यापासून सूक्ष्म विद्युद्दाब उत्पन्न होतो. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जॉन्सन यांनीं तो मोजला व नायक्विस्ट यांनीं त्याची मीमांसा केली. दोघांचे निबंध १९२८ सालीं प्रसिद्ध झाले. दहा हजार ओहमच्या रोधांत, श्रवणाच्या सर्व पल्ल्यांत मिळून, हा दाब व्होल्टच्या दहा लक्षांश भागांपैकीं सुमारें दोन भरतो. त्याची चाळीसपट केली तरी साध्या स्पीकरांतून तो कानास कळणार नाहीं. जी ‘सूं सूं’ स्पष्ट ऐकूं येते, ती बेताचे घटक आणि गरजेपेक्षां अधिक वर्धन यांची असते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या तयार बोर्डांत टीपीए ३११६ ही चिप पुष्कळदां आढळते. तिचें वर्धन २०, २६, ३२ किंवा ३६ डेसिबेल अशा चार पायऱ्यांत ठरवितां येतें. ३२ डेसिबेल म्हणजे दाबाची चाळीसपट. चार ओहमच्या स्पीकरास पन्नास वॉट देण्यास १४ व्होल्ट पुरतात. म्हणजे आंत व्होल्टचा जेमतेम तिसरा भाग पुरे. सीडी वाजविणारें यंत्र मात्र सामान्यतः दोन व्होल्ट देतें. साहजिकच बटण पहिल्या चतुर्थांशापुढें जातच नाहीं, आणि आंतील कुजबुज मात्र सर्वकाळ चाळीसपट होत राहते. तिकडे सामान्य स्पीकरास घरगुती बैठकीसाठीं वॉटचा शंभरावा भागहि पुरतो. अशा ठिकाणीं जाणत्या कारागिराकडून वर्धन २६ डेसिबेलवर आणविलें, तर दाब निम्मा होतो व ‘सूं सूं’हि बरीच उतरते.

‘घूं घूं’चें कूळ निराळें. भारतांतील वीज सेकंदास ५० आवर्तनांची आहे. तिचें एकदिश रूपांतर करतांना १०० आवर्तनांची लहर उरते. ती शोषून घेणारा कपॅसिटर उष्णतेनें सुकला कीं लहर स्पीकरांत उतरते. काळी एक स्वरांत गाणाऱ्या गायकाचा षड्ज सुमारें १३९ आवर्तनांचा, आणि त्याच्या तंबोऱ्याचा खालचा पंचम सुमारें १०४ आवर्तनांचा असतो. यंत्राची १०० आवर्तनांची गुणगुण या पंचमाच्या अगदीं शेजारीं बसते, आणि दोहोंच्या घर्षणानें सेकंदास चार हेलकावे पडतात. तंबोरा लागलेला नाहीं असें ज्या रसिकास वाटतें, त्यानें एकदां यंत्राकडेहि संशयानें पहावें.

दोन यंत्रें निरनिराळ्या सॉकेटांतून अर्थ घेत असतील, तर जोडतारेच्या वाटेनें वेढा पुरा होऊनहि गुणगुण शिरते. दोहोंना एकाच बोर्डावरून वीज दिल्यास ती पुष्कळदां थांबते. अशा वेळीं प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा उपाय कोणी सुचवितो. गुणगुण त्यानें जातेहि. परंतु धातूच्या पेटींत कधीं वीज उतरली, तर ती हात लावणाऱ्याच्या देहांतून जाईल. शांततेसाठीं एवढें मोल देऊं नये.

बटणाचेहि गुणदोष आहेत. ध्वनीची संवेदना ध्वनीच्या बळाच्या समप्रमाणांत वाढत नाहीं, हें तत्त्व फेख्नर यांनीं १८६० सालीं मांडलें. म्हणून चांगलें बटण अर्धें फिरविलें असतां दाबाचा सुमारें दहावाच भाग सोडतें. स्वस्त बटणांत उजव्या-डाव्या बाजूंच्या पट्ट्या तळाशीं जुळत नाहींत. त्यामुळें मंद आवाजांत गायक एका बाजूस सरकल्यासारखा वाटतो. पावसाळ्यांतील ओल आणि धूळ यांनीं खरखरहि सुरू होते. वीज काढून बटण वीस-पंचवीस वेळां पूर्ण फिरविलें, तर ती कांहीं काळ थांबते. वर्धन कमी केल्याचा लाभ येथेंहि होतो. कारण मग बटण तळाशीं न राहतां मध्याजवळ, जेथें दोन्ही बाजू जुळतात तेथें, वापरतां येतें.

नवें यंत्र घेणाऱ्यानें दुकानांत मोठ्यानें गाणें लावून निर्णय करूं नये. गाणें बंद ठेवून, बटण प्रथम शून्यावर व मग नेहमींच्या जागीं आणून, हातभर अंतरावरून स्पीकराशीं कान द्यावा. पन्नास वॉटांचा उपयोग वर्षांतून एखाद्या समारंभास होईल. मंद आवाजांत तंबोरा स्वच्छ ऐकूं येण्याची गरज मात्र घरांतल्या वडील मंडळींना रोज रात्रीं लागते.