द्वाड की झोपेला पारखे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘मुलगा फार चिडखोर झाला आहे’, ‘मुलीचे अभ्यासात लक्षच नाही’, अशी गाऱ्हाणी आपल्या मंडळात नित्य कानी येतात. मग त्याच माउल्या, जणू हा विषय निराळाच, अशा रीतीने सांगतात की, पोराचे नाक बारमाही चोंदलेले असते, पावसाळ्यात दमा उठतो, इसब खाजवून रक्त येते. माझे म्हणणे एवढेच, की ही दोन गाऱ्हाणी पुष्कळदा सख्ख्या बहिणी असतात.

शरीराला एखाद्या पदार्थाचे वावडे असणे म्हणजेच अ‍ॅलर्जी. हा शब्द व्हिएन्नाचे डॉक्टर फॉन पिर्के यांनी १९०६ साली योजला. दमा, नाकाची अ‍ॅलर्जी किंवा इसब असलेल्या मुलांत चंचलपणा, चिंता व उदासी इतरांपेक्षा अधिक आढळते, असे अनेक देशांतील पाहण्यांत दिसले आहे. एकामुळेच दुसरे होते असे मात्र ठरलेले नाही. पुष्कळ मुलांना तसा काही त्रास होतही नाही.

पण एक दुवा आपणा आयांना सहज समजेल, आणि तो म्हणजे झोप. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयझॅक’ पाहणीत ५६ देशांतील तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना प्रश्न विचारले होते. मुंबई-पुण्याची मुलेही त्यांत होती. छातीतील घरघरीने झोपमोड किती वेळा होते, खाजेने रात्री जाग किती वेळा येते, हेही त्यांत विचारले होते. रात्रभर तोंडाने श्वास घेणारे, खाजवणारे मूल सकाळी शाळेत शांत बसेल तरी कसे?

आपल्या मालाडास खाडीची दमट हवा आहे. पावसाळ्यात भिंतींना ओल व बुरशी येते, गाद्यांत धुळीचे सूक्ष्म किडे वाढतात, झुरळे आहेतच, शिवाय बांधकामांचा धुरळा. त्यात बंद खोलीत डासांची अगरबत्ती लावली, म्हणजे भरच पडते. उशांचे अभ्रे व चादरी दर आठवड्यास गरम पाण्यात धुवाव्या, ओल काढावी, मुलाजवळ धूर करू नये.

औषधांकडेही लक्ष हवे. सर्दीच्या काही जुन्या औषधांनी दिवसा गुंगी येते, तर क्वचित मुलाची चुळबुळ उलट वाढते. मॉन्टेलुकास्ट घेणाऱ्या काहींत झोप, मनःस्थिती व वागणूक बिघडल्याचे, आत्महत्येचे विचारही आल्याचे आढळल्यावरून अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०२० साली त्यावर ठळक इशारा छापावयास लावला. असा बदल दिसताच डॉक्टरांना विनाविलंब सांगावे. आपल्या मनाने औषधे बंद करू नयेत.

आणखी एक. ‘पंप घेते हे कळले तर हिचे लग्न कसे जमेल?’ म्हणून मुलींचे पंप दडवले जातात. भगिनींनो, दम्याच्या पंपाचे व्यसन लागत नाही. पण वेळेवर न घेतलेल्या पंपाने जिवावर बेतू शकते. आजार लपवावयास शिकलेली मुलगी मनातले दुःखही लपवू लागली, तर नवल ते काय?

पंधरा दिवस एक वही ठेवा. मूल किती झोपले, किती खोकले, दिवसा कसे वागले, ते तारखेनिशी लिहा व डॉक्टरांस दाखवा. श्वास मोकळा होऊनही वागणे सुधारले नाही, तर मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नका.

लेकराला द्वाड ठरवण्याआधी त्याची रात्र कशी गेली, हे विचारा. एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.