भरतीची जाहिरात वाचताना
(संस्थेच्या मार्गदर्शन वर्गात केलेले भाषण)



सैन्यभरतीवर बोलावे अशी मला सूचना आहे. शौर्यावर मी बोलणार नाही. तो अधिकार गणवेश घातलेल्यांचा. मी फक्त जाहिरातीवर बोलेन.

1914 साली इंग्लंडात लॉर्ड किचनर बोट रोखून तरुणांना बोलावत असल्याचे चित्र निघाले आणि जगभर त्याच्या नकला झाल्या. तेव्हापासून भरतीच्या जाहिरातीला दोन तोंडे आहेत. मोठ्या अक्षरांत हाक असते, बारीक अक्षरांत गरज असते. हाक सर्वांना असते. गरज मात्र नेमकी असते, कुठे फिटरची, कुठे वायरलेस दुरुस्त करणाऱ्याची. दुसऱ्या महायुद्धात ट्रक आणि रणगाडे वाढले तशी आपल्या सैन्यालाही कारागिरांची चणचण भासली. यंत्रदुरुस्तीचे स्वतंत्र दल, ज्याला ईएमई म्हणतात, ते 15 ऑक्टोबर 1943 रोजी उभे राहिले, ते याच गरजेतून. कारागीर घडविण्यासाठी तेव्हा सरकारने प्रशिक्षण केंद्रेही काढली. पुढे 1950 मध्ये शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना आली आणि आपली आयटीआय त्याच योजनेखाली चालते. म्हणजे आयटीआय आणि सैन्य यांचे नाते जुने आहे, आपणच ते विसरतो.

नागपूरकराला हे दूरचे वाटू नये. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय इथेच वायुसेनानगरला आहे, आणि त्याचे कामच मुळी विमाने व सामग्री दुरुस्त ठेवण्याचे. कामठीला गार्ड्सचे केंद्र आहे.

आता आपल्या मुलांकडे पाहा. पहाटे मैदानावर 1.6 किलोमीटरची धाव घड्याळ लावून घेतात. पाय तयार असतात, पण जाहिरात कोणी वाचलेली नसते! माझ्या ओळखीच्या एका मुलाने फिटरचा दोन वर्षांचा कोर्स केला होता. मित्रांनी जनरल ड्यूटीचा अर्ज भरला म्हणून त्यानेही तोच भरला. आयटीआयचे प्रमाणपत्र घरी पेटीतच राहिले. तांत्रिक पदासाठी दहावीत 50 टक्के आणि ठरलेल्या ट्रेडची दोन वर्षांची आयटीआय चालते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही, हे कबूल केले पाहिजे.

क्लार्कच्या पदाची गोष्ट आणखी बारीक आहे. बारावीत एकूण 60 टक्के पुरत नाहीत. प्रत्येक विषयात 50 लागतात, त्यात इंग्रजी आणि गणित किंवा हिशेबाचा विषय हवाच. एकूण 65 मिळवून इंग्रजीत 46 वर अडकलेला मुलगा तिथेच थांबतो. तेव्हा अकरावीतच इंग्रजीकडे लक्ष द्या. स्वयंपाकी, शिंपी, परीट, न्हावी यांचीही ट्रेड्समन म्हणून भरती होते. ज्यांच्या घरी हा हुन्नर आहे, त्यांनी त्यात कमीपणा मानू नये.

2023 पासून आधी संगणकावर परीक्षा होते आणि मैदान नंतर येते. त्यामुळे नुसत्या धावण्यावर विसंबू नका.

पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. 14 जून 2022 रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली, तीत नेमणूक चार वर्षांची आहे. त्यानंतर कायम सेवेत 25 टक्क्यांपर्यंतच घेतले जातात, अशी ती जाहीर झाली. हे ऐकून काही वडील मुलाला रोखतात. मला ते पटत नाही, पण त्यांची काळजी खोटी नाही. म्हणूनच माझे म्हणणे असे की, शक्य असेल तर ट्रेड हातात घेऊनच जा. चार वर्षांनी डिझेल मेकॅनिक परतला तर तो डिझेल मेकॅनिकच असतो, शिवाय यंत्रावर हात बसलेला.

भरतीला पैसे लागत नाहीत, हे वाक्य सेनेकडूनच पुन्हापुन्हा सांगितले जाते. तरी दलालाच्या हाती दागिना मोडून पैसे देणारी घरे आपल्या वस्तीत आहेत.

शेवटी नावाविषयी. आपल्याकडे एकाच मुलाचे नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘मोहम्मद’, आधारवर नुसते ‘मो.’ आणि वडिलांचे कुठे ‘शेख’ आधी, कुठे नंतर असते. कागदपत्रे तपासताना मैदान जिंकलेला मुलगा इथे अडखळतो. दुरुस्तीला महिने लागतात. आज घरी गेल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवून पाहा.